दोन आट्यांची ढील

माझं आजोळ उमरग्याकडचं. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या मुलखात शिरली, नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल तिनं ताब्यात घेतला आणि जळकोट ओलांडून तिचे रणगाडे त्याच दिवशी दुपारी उमरग्याला पोचले. माझी आई तेव्हा सात-आठ वर्षांची होती. पुढं आयुष्यभर ती त्या दिवसाबद्दल बोलायची, पण तिच्या बोलण्यात तोफ कधी आली नाही. यायचा तो ठसा. वाटेवर चिखल, आणि त्यात दोन लांबच लांब शिड्या आडव्या निजवल्यासारख्या उमटलेल्या. गावातली पोरं त्या शिडीच्या एकेका पायरीत पाऊल टाकत कुठवर गेली होती, हे सांगताना तिचा आवाज लहान व्हायचा.

नायगावात ३१ वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो, त्या उन्हाळ्यात मुलानं पुण्याहून नातीसाठी एक खोकं आणलं. आत रिमोटवर चालणारा शर्मन रणगाडा होता, खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याचा, दीड वीत लांबीचा. वर्षभरात त्याचे प्लास्टिकचे पट्टे तुटले. मी धातूचे मागवले. ते जड निघाले, आणि गाडीचं मागचं चाक एकाच जागी कायमचं बसवलेलं. पट्टा ताणायची सोयच नव्हती. ती सोय आपण हातानं करू, असं ठरवलं. पंधरा दिवसांचं वाटलेलं काम दोन पावसाळे चाललं. त्यातून जे हाती लागलं, ते इथं मांडतो.

१. जे चाक काहीच करत नाही असं वाटतं, त्याच्याकडं मी सगळ्यात शेवटी पाहिलं. शर्मनमध्ये ओढणारं दातेरी चाक पुढं असतं, वजन पेलणारी सहा चाकं मध्ये आणि अगदी मागं एक चाक असतं, ते ना ओढतं ना पेलतं. इंग्रजीत त्याला आयडलर म्हणतात, म्हणजे रिकामं बसलेलं. नव्या पट्ट्यांवर गाडी वळली की पट्टा उतरायचा. मी आधी बॅटरी बदलली, मग मोटार. दोन महिने मी नुसता जोर वाढवत राहिलो आणि पट्टा अधिकच लवकर उतरू लागला. कारण सरळ होतं. सैल पट्ट्याची कडी दात्यांत नीट बसत नाही; वळताना बाजूनं रेटा आला की ती दात्यावर चढते आणि घसरते. पट्ट्याला दात्यांशी जुळवून धरायचं काम त्या रिकाम्या चाकाचं होतं, आणि त्याला जागचं हलताच येत नव्हतं. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी किती पोरं माझ्या नजरेतून अशीच सुटली असतील, हा विचार त्या रात्री बराच वेळ पाठ सोडेना.

२. घट्ट म्हणजे बरोबर, हे मी कुणी न शिकवता गृहीत धरलं होतं. मागच्या चाकाच्या आसाला वॉशरांची ठिगळं लावून मी पट्टा असा ताणला की वरची बाजू पट्टीनं आखल्यासारखी दिसू लागली. फार समाधान वाटलं. पण बॅटरी निम्म्या वेळात उतरू लागली, गिअरचा डबा हाताला गरम लागू लागला आणि तिसऱ्या दिवशी मागच्या चाकाचा आस मुळातून मोडला. खरं तर हे गणित मी फळ्यावर कितीदा सोडवलं होतं. दोन आधारांवर टांगलेल्या साखळीचा झोळ अर्धा करायचा तर ओढ दुप्पट करावी लागते. झोळ पार घालवायचा म्हटलं तर जगातली कुठलीच ओढ पुरत नाही. विजेच्या खांबांमधली तार म्हणून तर लोंबती ठेवतात. हलगी शेकणाऱ्यालाही हे कळतं. चामडं बोलायला लागलं की तो ती जाळापासून मागं घेतो, आणखी थोडं कडक करू म्हणत नाही. मला सूत्र पाठ होतं, पण ते माझ्या बोटांपर्यंत उतरलेलं नव्हतं.

३. मुळाबरहुकूम करणं आणि मूळ समजून घेणं यांत अंतर असतं. खऱ्या शर्मनमध्ये मागच्या चाकाचा आस सरळ नसतो, तिरकस जोडाचा असतो; मोठ्या पान्यानं तो फिरवला की चाक कमानीत सरकतं आणि पट्टा ताणला जातो. मी तस्संच करायला घेतलं. चार मिलिमीटरचा जोड कानशीनं घासून काढला, फिरवून पाहिला, आणि अडचण लक्षात आली. कमानीच्या मधल्या भागात जरा फिरवलं की चाक भस्सकन सरकायचं, टोकाला कितीही फिरवा, तसूभर हलायचं नाही. त्यात चाक वरखालीही व्हायचं. तीस टनांच्या गाडीत तो जोड घट्ट आवळून धरायला जाडजूड पोलाद आहे. माझ्याकडं बोटभर अ‍ॅल्युमिनियम होतं. शेवटी मी कमान सोडली. आतून सरळ खाचेत सरकणारा ठोकळा केला, तो ढकलायला तीन मिलिमीटरचा बोल्ट लावला आणि बाहेरून मूळच्या जोडाचं झाकण बसवलं. या तीनच्या बोल्टाचा एक पूर्ण आटा म्हणजे अर्धा मिलिमीटर. चाक अर्धा मिलिमीटर मागं गेलं की पट्टा वरूनही खेचला जातो आणि खालूनही, म्हणजे एका आट्याला एक मिलिमीटर ढील निघते. हे कळलं त्या दिवशी पहिल्यांदा मला आपण काय फिरवतो आहोत ते समजलं.

४. कडी पूर्ण असते, अर्धी नसते. आणि त्या अर्ध्या कडीची सोय आधीच करून ठेवावी लागते. खऱ्या शर्मनच्या पट्ट्याची कडी सहा इंचांची, म्हणजे माझ्याकडं ती साडेनऊ मिलिमीटरची. माझ्या पहिल्या ठोकळ्याला खाच होती तीन मिलिमीटरची. पट्टा काही दिवस चालून पिना झिजल्या, तो लांबला, आणि बोल्ट खाचेच्या टोकाला जाऊन थांबला. म्हणून एक कडी काढली. आता पट्टा चढेचना. कडी घातली तर सैल, काढली तर अपुरा. रात्री वही घेऊन बसलो तेव्हा उलगडलं. एक कडी काढली की पट्टा साडेनऊ मिलिमीटरनं आखूड होतो, तो दोन्ही बाजूंनी मिळून. म्हणून चाकाला निदान पावणेपाच मिलिमीटर पुढं येता आलं पाहिजे. खाच त्याहून लहान असेल तर मधे कुठंतरी अडकायला होणारच. दुसरी खाच मी सहा मिलिमीटरची केली, बारा आट्यांची. घर बांधताना, पोरांची लग्नं ठरवताना, निवृत्तीचे पैसे मोजताना मी हाच हिशेब चुकवला होता. पुढच्या पायरीपर्यंत पोचायला लागेल एवढी वाट मी आधी सोडलीच नव्हती.

५. डावं आणि उजवं एकाच वेळी जन्माला घालावं. डावीकडचा ठोकळा मी आठवडा घालवून केला. मग तो समोर ठेवून दुसरा केला, अगदी हुबेहूब, आणि बसवायला गेलो तेव्हा कळलं की तोही डावाच आहे. पुन्हा केला तो उजवा झाला, पण भोक केसभर तिरकं. तेवढ्यानं चाक किंचित वाकडं बसलं आणि पट्टा चालता चालता आतल्या बाजूला सरकत जाऊन उतरू लागला. मी ते दोन्ही तुकडे बाजारातल्या लेथवाल्या मामांकडं नेले. त्यांनी ते हातात घेतलेही नाहीत. म्हणाले, "सर, दोन भावंडं येगयेगळी वाढवलाव, मग येगळीच निघणार. दोन्ही पट्ट्या एकात धरा, एका दमात भोक पाडा, मग एक उलटी करा." दोन कच्च्या पट्ट्या पाठीला पाठ लावून त्यांनी व्हाइसमध्ये आवळल्या, आरपार भोक पाडलं आणि सोडून माझ्यासमोर पुस्तकासारख्या उघडून ठेवल्या. एक डावी, एक उजवी. सगळं मिळून दहा मिनिटं. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, याची आठवण मला त्यांनीच करून दिली.

६. ढकलणाऱ्यानंच धरूनही ठेवावं, ही अपेक्षा चुकीची असते. बोल्टानं ठोकळा मागं ढकलला, ताण नेमका बसला, मी खूश झालो. अंगणात चार फेऱ्या मारून आणल्या तर पट्टा पुन्हा सैल. थरथरीनं बोल्ट स्वतःच मागं फिरत होता. मामांनी चेकनट लावायला सांगितलं. बोल्ट ढकलेल, चेकनट धरील. पुढं आणखी एक गोष्ट अंगाशी आली. एकदा घाईत चेकनट न सोडताच मी बोल्ट फिरवला आणि अ‍ॅल्युमिनियममधले आटे सपाट झाले. पूर्ण ठोकळा वाया. आता तिथं पितळेचा बुश आहे, आणि माझी नात पाना हातात घेतला की आधी मोठ्यानं म्हणते, "सोडा, फिरवा, आवळा." या तीन शब्दांचा क्रम मला तीन आठवड्यांना पडला होता. तिला तो पाढ्यासारखा येतो.

७. परीक्षा नेहमी पुढं चालण्याचीच घ्यायची, ही शिक्षकाची सवय मोडायला वेळ लागला. सरळ पुढं गाडी उत्तम जायची, मागं घेतली की पट्टा उतरायचा. मी ओट्यावर गाडी ठेवून निरखत बसलो. दातेरी चाक पुढं असल्यानं, पुढं जाताना ते वरचा पट्टा आपल्याकडं खेचून घेतं. वरची बाजू ताठ होते आणि सगळी ढील त्या चाकाच्या खाली, जमिनीला टेकण्याआधी, गोळा होते. मागं घेताना उलटं होतं. खाली ताण येतो आणि ढील वर चढून दात्यांच्या मागं झोळ धरते. तिथंच कडी उडी मारते. मी रोज गाडी पुढं चालवून थांबवायचो आणि वरची ताठ बाजू पाहून ताण तपासायचो. म्हणजे जिथं ढील असूच शकत नाही, तिथं मी ती शोधत होतो. आता गाडी थोडी पुढं, थोडी मागं ढकलायची, हलकेच सोडायची आणि मग बघायचं.

८. माझ्याहून कमी शिकलेला माणूस हे सगळं रोज, दहा-वीस टनांच्या मापात करत होता. मराठवाड्यात गेल्या काही उन्हाळ्यांत तलावांचा गाळ काढायला, नाले खोल करायला पोकलेन गावोगाव आली. आमच्या जवळच्या तलावात एक चालू होती. तिचा ऑपरेटर मुखेडकडचा, पंचविशीतला. मी चेनबद्दल विचारलं तर त्यानं काम थांबवून दाखवलंच. बकेट जमिनीवर दाबून त्यानं एका बाजूची चेन अधांतरी उचलली, ती फिरवून थांबवली आणि खाली लोंबलेला झोळ टेपनं मोजला. पुढच्या चाकामागं ग्रीसचा सिलिंडर असतो; गननं ग्रीस मारलं की चाक पुढं जातं, चेन ताणते. सैल करायची तर व्हॉल्व्ह हळूहळू सोडायचा, आणि त्याच्यासमोर तोंड न्यायचं नाही, आत फार दाब असतो. सिलिंडरच्या मागं एक जाडजूड स्प्रिंग. चेनमध्ये दगड अडकला की ती मागं सरते, म्हणून चेन तुटत नाही. मी घरी येऊन बॉलपेनमधली स्प्रिंग लावली. जोर लागला की ती दबायची आणि ज्या क्षणी ताण हवा त्याच क्षणी पट्टा ढिला पडायचा. पुन्हा त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, "सर, ती स्प्रिंग रोज हलायसाठी नसती. एकांदे दिवशी हलायसाठी असती." मग मेकॅनिकच्या डब्यातून जाड तारेची, दोन बोटांत दबणार नाही अशी स्प्रिंग शोधून आणली.

९. खऱ्या वस्तूसमोर उभं राहिल्यावर आपला प्रश्न किती जुना आहे ते कळतं. अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाच्या केंद्रानं १९९४ साली उभारलेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. नातीला घेऊन मी तिथं गेलो. लोक तोफांच्या नळ्यांखाली उभे होते, आम्ही दोघं चाकांशी वाकलेले. पाकिस्तानकडून १९६५च्या युद्धात हाती आलेल्या एम ४७ पॅटनला शेवटचं भारवाही चाक आणि मागचं दातेरी चाक यांच्यामध्ये एक छोटंसं जादा चाक आहे, केवळ पट्टा ताठ ठेवण्यासाठी. पॅटनचं पुढचं चाक पहिल्या भारवाही चाकाच्या दांड्याशी जोडलेलं असतं. ते चाक उंचवट्यावर उचललं गेलं की पुढचं चाक आपोआप पुढं सरकून ढील भरून काढतं. इतकी हुशारी मी पाहिली नव्हती. आणि तरी सप्टेंबर १९६५मध्ये असल उत्तरला हेच पॅटन आपल्या सैन्यानं पाणी सोडून भिजवलेल्या शेतांत रुतले. समोर डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे जुने शर्मन होते आणि त्यांचं नेतृत्व करत होते लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य, जे पुढं लष्करप्रमुख झाले. त्या विजयामागं शौर्य होतं, डावपेच होते, अब्दुल हमीदसारख्यांचं बलिदान होतं. मी पट्टे बघणारा माणूस. माझ्या मनात मात्र ते ओलं शेत राहिलं. यंत्र बनवणाऱ्यानं सगळं केलं होतं. शेवटचा शब्द जमिनीनं घेतला.

१०. किती ताणायचं हे जमीन ठरवते. मी ते ओट्यावर ठरवत होतो. दुसऱ्या पावसाळ्यात सगळं जमून आलं. फरशीवर गाडी पुढं-मागं, डावी-उजवी, कशीही फिरली तरी पट्टा जागचा हलेना. पहिला पाऊस उघडल्यावर मी ती घरामागच्या रानात सोडली. आमची माती काळी, चिकट. चप्पल सोडवून घ्यायला हात लावावा लागतो अशी. गाडी दहा हात गेली आणि थांबली. उचलून पाहतो तर पट्टा वाजवला तर वाजेल इतका ताठ. बोल्टाला कुणी हात लावला नव्हता. दात्यांमध्ये, चाकांच्या फटींत माती ठासून भरली होती. तिनं प्रत्येक चाक जाड केलं होतं आणि पट्ट्याची सगळी ढील खाऊन टाकली होती. तेव्हा तलावावरच्या त्या पोराचं बोलणं आठवलं. तो त्याच दिवशी म्हणाला होता, मुरमात चेन जरा ताणून ठेवायची, काळ्या रानात ढिली, कारण रान स्वतःच ताणतं. मी ऐकलं होतं, टिपलं नव्हतं. मला ते त्याच्या मोठ्या यंत्राबद्दलचं बोलणं वाटलं होतं.

११. तयार ताण कुणाला देता येत नाही, ढील द्यायची सोय मात्र देता येते. मला वाटायचं, एक नेमका आकडा सापडेल, तो वहीत लिहीन आणि काम संपेल. आता वहीत एक पान आहे. फरशीचा आकडा, मुरमाचा आकडा, वाळूचा, कोरड्या ढेकळांचा. ते आकडे माझ्या गाडीचे, माझ्या गावच्या मातीचे. कोकणातल्या कुणाला त्यांचा उपयोग नाही. त्याला लागेल ती फक्त सहा मिलिमीटरची खाच, एक बोल्ट, एक चेकनट आणि आपली जमीन पाहायची तयारी.

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून आम्ही घरी आलो तेव्हा रात्रभर पडून पाऊस थांबला होता. नातीनं पाना घेतला. सोडा, फिरवा, आवळा. दोन्ही बाजूंना दोन-दोन आटे. गाडी काळ्या रानात उतरली, चिखलात डुलत बांधापर्यंत गेली, वळली आणि परत आली. माती चाकांना धरत होती आणि पट्टा तिला सामावून घेत होता. मागं दोन शिड्या उमटल्या होत्या, बोटभर रुंदीच्या, कुठं न तुटलेल्या.

नात उकिडवी बसली. हाताची दोन बोटं पायांसारखी करून ती त्या शिडीच्या एकेका पायरीत ठेवत बांधाकडं निघाली. आईची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. मी काही बोललो नाही, ती परत येईपर्यंत तिथंच उभा राहिलो.

संध्याकाळी तिनं वहीत तिच्या अक्षरात ओळ भरली. काळं रान, ओलं, दोन आटे ढील. शेजारी तारीख घातली, १७ सप्टेंबर.